हायब्रिड गाडी घेताय? सोलापूरकर धंदेवाल्यांनो, या चुका टाळा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आठवडाभर धंद्याला आणि रविवारी घरच्या सातजणांना घेऊन तुळजापूरला, अशी एकच गाडी हवी म्हणून सात सीटची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली गाडी घेतली. गाडीबद्दल तक्रार नाही, पण घेताना डोकं कमी वापरलं.

शोरूममधला पोरगा म्हणाला, "शेठ, फर्मच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळतो." मी मान डोलावली. सीएनं कागद बघून कपाळाला हात लावला. ड्रायव्हर धरून 13 सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर आपल्यासारख्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. ते प्रवासी वाहतूक करणाऱ्याला, गाड्या विकणाऱ्याला किंवा ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला. मोठ्या हायब्रिडवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे (आधी सेससकट 43 होता). म्हणजे रक्कम किरकोळ नाही. बुकिंगआधी सीएला एक फोन करा.

दुसरी गोष्ट त्याहून महागात पडू शकते. पांढऱ्या पासिंगच्या, म्हणजे खासगी नंबरच्या गाडीच्या विमा पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही, फक्त सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं. मागची सीट पाडून गठ्ठे भरले आणि वाटेत ठोकली, तर क्लेमचं अवघड होतं. आता चादरी-टॉवेलची सॅम्पलं माझ्या गाडीत आणि गठ्ठे छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत. एकाच गाडीत सगळं बसवायचा हट्ट मी सोडला.

नावावरही जाऊ नका. मारुतीच्या अर्टिगावरही स्मार्ट हायब्रिड लिहिलेलं असतं, पण ती माइल्ड. तिथली छोटी बॅटरी इंजिनाला हातभार लावते, नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. टोयोटाची हायक्रॉस आणि मारुतीची इन्व्हिक्टो स्ट्राँग हायब्रिडमध्ये मिळतात, त्या हळू वेगात इंजिन बंद ठेवूनही चालतात. त्यातही हायक्रॉसची साधी पेट्रोल व्हेरियंट वेगळी आहेत, तेव्हा बुकिंगच्या कागदावर व्हेरियंटचं नाव वाचा.

या दोन स्ट्राँग हायब्रिडचं कागदावरचं ॲव्हरेज लिटरला 23.24 किलोमीटर. हायब्रिडची खरी कमाई सात रस्ता, नवी पेठ अशा गर्दीत, जिथं ब्रेक मारताना वाया जाणारा जोर बॅटरीत परत जातो. पुणे हायवेला शंभरच्या वेगानं ताणली की फायदा आटतो. हिशेब असा करा: समजा, साधी पेट्रोल लिटरला 11 देते आणि हायब्रिड 17, पेट्रोल 105 रुपये. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरलात तर साधारण 40 हजार वाचतात, 30,000 फिरलात तर लाखभर. दोन गाड्यांच्या किमतीत पाच लाखांचा फरक असेल, तर पहिल्याला बारा वर्षं लागतात, दुसऱ्याला पाच. चेकबुक त्यानंतर काढा.

घेतल्यावरची माझी डोकेदुखी म्हणजे आमचा जुना ड्रायव्हर. सिग्नलला न्यूट्रल, तुळजापूरचा घाट उतरताना न्यूट्रल, आयुष्यभराची सवय. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी चार्जच होत नाही, आणि एसी मात्र तिच्यावरच चालत राहतो. "मामा, गिअर डी मध्येच राहू द्या, पाय ब्रेकवर ठेवा," हे सांगून सांगून जीभ झिजली. मग एकदा घाट उतरताना पडद्यावर बॅटरीच्या कांड्या भरताना त्यांना दाखवल्या. तेव्हा पटलं.

एक बिघाड मात्र खास आपल्या गावचा. मेमध्ये पारा 43 वर गेला आणि पुढच्या सीटखालून पंख्याची घरघर सुरू झाली. मोठी बॅटरी केबिनमधली हवा ओढून थंड होते, तिची जाळी तिथंच असते. बोट फिरवलं तर टॉवेलची पांढरी लव, जाळीवर जणू गोधडीच अंथरलेली. व्हॅक्यूमनं साफ केली, घरघर गेली. आता दर पंधरा दिवसांनी जाळी बघतो आणि सॅम्पलच्या पिशव्या सीटला टेकवून ठेवत नाही.

आणि गाडी चालूच झाली नाही, डॅशबोर्ड मिणमिणला, तर लाखाची बॅटरी गेली म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा ती साधी 12 व्होल्टची असते. गड्ड्याच्या यात्रेत आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली, तेव्हा माझीही तीच बसली होती.