हलक्या गळाला कोणतं रीळ?

गिरणा किंवा हतनूर धरणाच्या काठावरून चिलापी, छोटी मरळ यांच्यासाठी ३ ते ७ ग्रॅमचं आमिष फेकणार असाल, तर बिनधास्त स्पिनिंग रीळ घ्या. फेकताना त्याचा स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, फिरत नाही; दोरा वेटोळ्यांनी सुटत जातो, म्हणून हलकं आमिषही लांब जातं. बेटकास्टिंग रिळात मात्र आमिषालाच स्पूल ओढून फिरवावा लागतो. वजन कमी पडलं की फेक तोकडी. आणि स्पूल आमिषापेक्षा जोरात फिरला की असा गुंता होतो, की सोडवता सोडवता ऊन डोक्यावर येतं. समोरून वारा असेल तर हे हमखास.

१००० ते २५०० आकाराचं (हा रिळावरचा क्रमांक) रीळ आणि ६ ते ८ पौंड ताण सोसणारा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा, दोरा पुरे. दोरा स्पूलच्या कडेपासून साधारण २ मिलिमीटर खालीच ठेवा. फेकल्यावर बेल, म्हणजे स्पूलवरची तारेची कमान, हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. दोऱ्याला पीळ कमी पडतो. मासा ड्रॅगमधून (रिळाच्या ब्रेकमधून) दोरा ओढत असताना हँडल फिरवू नका, तेही याच कारणाने.

बेटकास्टर वाईट नाही. पाणवनस्पतीत दडलेल्या मोठ्या मरळीसाठी १५ ग्रॅमचा रबरी बेडूक टाकायचा, तर जाड ब्रेडेड (विणलेल्या) दोऱ्यासह तोच बरा. पण पहिलं रीळ म्हणून? मी तरी सुचवणार नाही.

आणि हो, धरणातल्या मासेमारीचा ठेका बऱ्याचदा मच्छीमार संस्थेकडे असतो. गळ टाकण्याआधी काठावर विचारून घ्या.