इंटर्नल ऑडिट करताय? मग निदान या चुका तरी टाळा

आयएसओ ९००१ (क्वालिटी सिस्टीमचं स्टॅंडर्ड) किंवा आयएटीएफ १६९४९ (तसंच, पण गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठी) घेतलेल्या कंपनीत एक्स्टर्नल ऑडिटच्या, म्हणजे बाहेरचे लोक तपासायला येतात त्याच्या, आदल्या आठवड्यात चक्कर मारा. तेव्हा इंटर्नल ऑडिट, म्हणजे कंपनीने स्वतःच स्वतःची करायची तपासणी, कशी होते ते दिसेल. चाकण असो, भोसरी असो, वाळूज असो, चित्र तेच. एमआर साहेब (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे क्वालिटी सिस्टीम सांभाळणारा माणूस; आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत एमआर हे पद सक्तीचं राहिलेलं नाही, पण आपल्याकडचे एमआर काही जात नाहीत) प्रिंटरपाशी उभे, चेकलिस्टवर तीन महिन्यांपूर्वीच्या तारखा पडतायत आणि एक ट्रेनी पोरगा सह्या गोळा करत डिपार्टमेंट-डिपार्टमेंट हिंडतोय. याला इंटर्नल ऑडिट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग कस्टमर कंप्लेंट आली की "आमच्या ऑडिटमध्ये तर सगळं ओके होतं" असं तोंड वर करून सांगू नका.

ज्या चुका मी सतत बघतो त्यातली सगळ्यात महागात पडणारी म्हणजे ऑडिट फक्त जनरल शिफ्टला करणं. सकाळी दहाला चहा, साडेदहाला कॉन्फरन्स रूममध्ये फाईल मागवायच्या, एकला जेवण, तीनला क्लोजिंग मीटिंग. अहो, माल तीन शिफ्टला बनतो ना? आयएटीएफमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की तीन वर्षांच्या आत प्रत्येक मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसचं ऑडिट व्हायला पाहिजे, ती ज्या ज्या शिफ्टला चालते त्या सगळ्या शिफ्टला, आणि शिफ्ट बदलताना काय होतं तेसुद्धा बघायचं. प्लॅनमध्ये "शिफ्ट: ऑल" लिहून हे होत नाही, रात्री जावं लागतं.

एक किस्सा सांगतो. भोसरीतली एक मशिनिंग कंपनी, नाव नको. बुशच्या बोरची (आतल्या भोकाची) ओव्हरसाईझ कंप्लेंट कस्टमरकडून परत परत येत होती. इंटर्नल ऑडिटची फाईल काढली तर एकदम चकाचक, एकही एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ठरल्याप्रमाणे नसलेली गोष्ट) नाही, आणि प्रत्येक कंप्लेंटच्या उत्तरात "ऑपरेटरने नीट तपासले नाही, ट्रेनिंग दिले" हेच वाक्य, नुसतं ऑपरेटरचं नाव बदललेलं. बॅच कार्ड लावून बघितली तर खराब लॉट सगळे नाईटचे. म्हटलं चला, रात्री जाऊ. क्वालिटीवाले म्हणाले सर तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही रेकॉर्ड पाठवतो ना. तरी गेलो.

मशीनवर कंत्राटी पोरगा, हुशार होता, बोर एअर गेजवर (हवेच्या दाबाने भोक मोजणारं गेज) चेक करत होता आणि नोंदीही वेळेवर लिहीत होता. त्याला म्हटलं गेज मास्टरवर (नक्की माप माहीत असलेली रिंग, तिच्यावर गेजचा झिरो लावतात) सेट करून दाखव. त्याने ड्रॉवरमधून एक बुश काढला, त्यावर हिरव्या मार्करने टिक केलेली. हा काय मास्टर आहे का? तर म्हणे "नाही साहेब, मास्टर रिंग क्वालिटीच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप, आणि चावीवाले साहेब साडेपाचला जातात." म्हणजे पोरं रोज रात्री एका "ओके पीस"वर झिरो सेट करत होती, आणि सकाळी मोजलं तर तो पीसच वरच्या लिमिटला टेकलेला. अशा पीसवर झिरो केलं की मोठा बोरपण गेजवर ओकेच दिसणार, त्यात त्या पोराचा काय दोष?

आता कुलूप का? कारण आधी कधीतरी एक मास्टर रिंग स्क्रॅपच्या बिनमध्ये गेली होती आणि क्वालिटी हेडला वरून बोलणी बसली होती. त्याने कुलूप लावलं, स्वतःपुरता प्रश्न सोडवला. यातलं काहीही फाईलमध्ये दिसणार नव्हतं. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट होतं, तारीख व्हॅलिड होती, दिवसा विचारलं असतं तर कपाट उघडून मास्टर दाखवलाही असता. उपाय साधाच निघाला, मास्टरचा दुसरा सेट घेतला, तो मशीनपाशी डब्यात ठेवला, आणि शिफ्ट हॅंडओव्हरच्या रजिस्टरमध्ये मास्टर मिळाला-दिला अशी एक ओळ वाढवली. पीएफएमईएमध्येही (प्रोसेसमध्ये काय काय चुकू शकतं त्याचा तक्ता) हा मुद्दा नव्हता, तो घातला.

याच किश्श्यात माझी दुसरी आवडती चूक आहे, व्हाय-व्हाय ("असं का?" परत परत विचारत मूळ कारण शोधणं) ऑपरेटरपाशी नेऊन संपवणं. "ऑपरेटरचे दुर्लक्ष" हे रूट कॉज आणि "ट्रेनिंग दिले" ही ॲक्शन असली की मी फॉर्म न वाचता परत पाठवतो, मग कुणी रागावलं तरी चालेल. माझी एक सवय आहे, एनसी क्लोज करायला आलेल्या माणसाला विचारतो की या ऑपरेटरच्या जागी तुमचा सगळ्यात चांगला माणूस उभा केला तर ही चूक थांबेल का? वरच्या केसमध्ये खुद्द क्वालिटी हेडला नाईटला उभं केलं असतं तरी, चावी घरी विसरला असता तर, ओव्हरसाईझच निघाला असता. उत्तर "नाही थांबणार" असं आलं की समजायचं अजून दोन व्हाय बाकी आहेत. आणि तो ट्रेनिंगचा अटेंडन्स शीट जोडू नका हो, एका पेनाने सगळ्यांच्या सह्या असतात, आम्हालाही दिसतं.

नवीन पोरांबद्दल थोडं बोलतो, कारण दोन दिवसांचं ऑडिटर ट्रेनिंग करून सर्टिफिकेट मिळालं की तिसऱ्या दिवशी मेसेज येतो, "सर, तयार चेकलिस्टची एक्सेल पाठवा ना." मी पाठवत नाही. मी एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत चेकलिस्टमध्ये "सॅंड टेस्टिंग: ओके" असं भरलेलं बघितलंय, कुठल्यातरी फाउंड्रीची (तिथे साचे वाळूचे असतात) एक्सेल, मोल्डिंग शब्द बघून उचललेली, आणि वर एमआरची सही. चेकलिस्ट स्वतःच्या कंट्रोल प्लॅनवरून (कुठल्या ऑपरेशनला काय, किती वेळा तपासायचं तो कागद) स्वतः बनवा, अर्धं ऑडिट तिथंच होतं. आणि प्रश्न "कॅलिब्रेशन करता का?" असा विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येणार. "दाखवा" म्हणा आणि मग गप्प बसा, घाई करू नका, समोरचा शोधतोय तेवढ्यात आजूबाजूला बघा. सव्वादहा वाजलेत आणि अकराची रीडिंग लिहून तयार आहे हे असंच सापडतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

स्वतःच्या डिपार्टमेंटचं ऑडिट स्वतः करू नका. क्वालिटीचं ऑडिट क्वालिटी हेडच करतो हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता हसूही येत नाही. माणसं कमी असतील तर स्टोअरवाल्याला शिकवा, चांगले ऑडिटर तिथूनच निघतात, त्यांना सगळ्यांच्या लबाड्या माहीत असतात.

वर्षाच्या प्लॅनमध्ये सगळ्यांना सारखा वेळ वाटू नका. एचआरला अर्धा दिवस आणि हीट ट्रीटमेंटलाही अर्धाच दिवस, हा कुठला न्याय? जिथे कंप्लेंट, जिथे नवीन मशीन, जिथे मागच्या वेळी एनसी निघाली, तिथे जास्त जा. स्टॅंडर्डही हेच सांगतं.

"डॉक्युमेंटेशन सुधारावे" ही एनसी नव्हे. काय अपेक्षित होतं, काय दिसलं, कुठे दिसलं, तिन्ही पाहिजे. उदाहरणार्थ, "कंट्रोल प्लॅननुसार ऑपरेशन ३० ला दर तासाला ५ पीस तपासायचे, सीएनसी ४ वर रात्री २ ते ६ च्या नोंदी नाहीत." असं लिहिलं की वादच होत नाही.

"साहेब, एनसी नको, ऑब्झर्वेशनमध्ये टाका ना" (म्हणजे नुसता शेरा मारून सोडा) याला बळी पडू नका. पण हेही खरं की मालक एनसीच्या आकड्यावरून डिपार्टमेंट हेडचं इन्क्रिमेंट ठरवत असतील तर लोक लपवणारच, ते आधी बंद करायला सांगा.

क्लोज केलेली एनसी परत जाऊन बघा. कागद आला, क्लोज केलं, संपलं असं नाही. मी साधारण तीन महिन्यांनी त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला, न सांगता जातो. भोसरीच्या त्या कंपनीत डबा जागेवर होता, मास्टर आत होता, पण हॅंडओव्हर रजिस्टरमध्ये आख्ख्या आठवड्याच्या सह्या आगाऊ केलेल्या होत्या, मग परत एक एनसी.

आणि मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये "एकूण एनसी १४, क्लोज १४" अशी हिरवी स्लाईड लावू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. मी एकच तक्ता ठेवतो, परत आलेल्या एनसी कुठल्या आणि त्या बंद करायला कुणाकडून काय पाहिजे, पैसे, माणूस की नुसती परवानगी. डायरेक्टर लोक बाकीच्या स्लाईडला मोबाईल बघत बसतात, या तक्त्यावर मात्र भांडणं होतात आणि बऱ्याचदा गेजचे पैसे तिथेच मंजूर होतात.