टोरंट पहिल्यांदाच वापरताय? डाउनलोडच्या आधी ही सेटिंग्ज करून घ्या

टोरंट (एका सर्व्हरऐवजी लोकांनी एकमेकांकडूनच फाइल घ्यायची पद्धत) सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर टाकतात, दोन-चार गोष्टी डाउनलोड करून बघतात, आणि मग कधीतरी कोणीतरी विचारतं की अरे व्हीपीएन (आपला ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) लावलंयस ना, तेव्हा कुठे प्रायव्हसीचा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा पाहिजे. टोरंटमध्ये तुमचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, पहिल्या मिनिटापासून उघडा असतो, आणि एकदा कोणी नोंदवून ठेवला की नंतर कितीही चांगलं व्हीपीएन घ्या, ती नोंद काही पुसली जात नाही. म्हणून आधी हे चालतं कसं ते समजून घेऊ, मग सेटिंग, आणि डाउनलोड सगळ्यात शेवटी.

नेहमीच्या डाउनलोडमध्ये फाइल एका सर्व्हरवर असते आणि सगळे तिथूनच ओढतात, त्यामुळे गर्दी झाली की सर्व्हर झोपतो. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरंट आणलं त्यात हेच उलटं केलं. फाइलचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा आलाय तो त्याने बाकीच्यांना द्यायचा, म्हणजे माणसं वाढली की स्पीड कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. ज्यांच्याकडे पूर्ण फाइल आहे ते सीडर, जे अजून घेतायत ते लीचर, आणि सगळे मिळून पीअर्स. प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्यातल्या डेटावरून निघणारा, ठशासारखा आकडा) आधीच ठरलेला असतो, त्यामुळे कोणी मधे खराब तुकडा पाठवला तरी सॉफ्टवेअर तो फेकून देतं आणि दुसरीकडून मागवतं. त्या टोरंटवर कोण कोण आहे ही माहिती ट्रॅकर नावाचा सर्व्हर देतो, आणि ट्रॅकर बंद असला तरी डीएचटी नावाची सोय आहे ज्यात पीअर्स एकमेकांनाच विचारून माणसं शोधतात. मॅग्नेट लिंक म्हणजे बाकी काही नाही, त्या टोरंटची हॅशवाली ओळख, तेवढ्यावरून तुमचं सॉफ्टवेअर डीएचटीमधून उरलेलं सगळं गोळा करतं.

आता यातली प्रायव्हसीची गोम बघा. तुकडे थेट एकमेकांकडून घ्यायचे म्हणजे एकमेकांचा पत्ता माहीत असायलाच हवा. कुठलंही टोरंट चालू असताना खाली पीअर्स नावाचा टॅब उघडा, तिथे एकेका ओळीत समोरच्याचा आयपी, देशाचा झेंडा, तो कुठलं सॉफ्टवेअर वापरतोय, त्याचं किती टक्के झालंय, सगळं दिसतं. तुम्हाला त्यांचं दिसतं तसंच त्यांना तुमचं दिसतं. यात हॅकिंग वगैरे काही नाही, सिस्टीमच तशी आहे. कॉपीराइटवाल्यांसाठी काम करणाऱ्या कंपन्या साध्या पीअरसारख्याच आत शिरतात, यादी उतरवून घेतात आणि त्यावरून इंटरनेट प्रोव्हायडरकडे नोटीस जाते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. टोरंट ही टेक्नॉलॉजी बेकायदा नाही, पण ज्याचा हक्क तुमच्याकडे नाही ते ओढलं तर व्हीपीएन लावल्याने ते कायदेशीर होत नाही. त्यात तुम्ही घेता घेता वाटतही असता, म्हणजे प्रकरण नुसत्या डाउनलोडपुरतं राहत नाही. मोकळेपणाने घेता येईल असं भरपूर आहे. उबुंटू, डेबियन या लिनक्स सिस्टीम्सच्या आयएसओ फाइल्स (इन्स्टॉल करायची पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये) त्यांच्याच साइटवर टोरंटने मिळतात, लिबरऑफिसचं पण टोरंट असतं, इंटरनेट आर्काइव्हवर बऱ्याच गोष्टींना टोरंटचा पर्याय असतो, आणि रिसर्चचे मोठे डेटासेट अकॅडमिक टोरंट्सवर आहेत. शिकायला डेबियन किंवा उबुंटूची आयएसओ घ्या, सीडर भरपूर असतात त्यामुळे काही अडलं तर चूक सेटिंगची आहे हे लगेच कळतं.

सॉफ्टवेअर कुठलं, तर माझं मत सरळ आहे, क्यूबिटटोरंट घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि खाली सांगतोय ते नेटवर्कचं सेटिंग त्यात व्यवस्थित आहे. ट्रान्समिशन आणि डेल्यूज पण चांगली आहेत. फक्त डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करा, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवरून अजिबात नको. आणि इन्स्टॉलर आला की साइटवर दिलेली डिजिटल सही किंवा चेकसम (फाइलचा हॅश) जुळवून बघा, कारण २०१६ मध्ये ट्रान्समिशनच्या अधिकृत साइटवरच्याच मॅक इन्स्टॉलरमध्ये कोणीतरी रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर) घुसवलं होतं. लवकर पकडलं गेलं ते, पण अधिकृत साइटवरचं म्हणजे डोळे मिटून टाकायचं असं नाही. लिनक्सवाल्यांनी आपल्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या प्रकाराच्या) रिपॉझिटरीमधूनच, म्हणजे तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर संग्रहातूनच घ्यावं.

आता व्हीपीएन. ते लावलं की पीअर्सना तुमच्या ऐवजी व्हीपीएन सर्व्हरचा आयपी दिसतो, आणि तुमच्या इंटरनेट प्रोव्हायडरला नुसता एनक्रिप्टेड ट्रॅफिक दिसतो. पण हे सगळं आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं, म्हणजे तुम्ही भरवसा एकाकडून दुसऱ्याकडे हलवलात एवढंच. म्हणून कंपनी निवडताना स्पीडच्या जाहिराती बघण्यापेक्षा ती लॉग (कोणी काय केलं याच्या नोंदी) ठेवते का, बाहेरच्यांकडून ऑडिट झालंय का, आणि प्रत्यक्षात कधी कस लागलाय का ते बघा. २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात गेले होते, आणि ग्राहकांची जी माहिती हवी होती ती कंपनी साठवतच नसल्यामुळे रिकाम्या हाताने परत गेले. असली घटना दहा जाहिरातींपेक्षा जास्त सांगून जाते. फुकट व्हीपीएनच्या नादी टोरंटसाठी तरी लागू नका, बहुतेकांवर टोरंट बंदच असतं आणि काही तर तुमचाच डेटा किंवा बँडविड्थ विकून पैसे काढतात.

व्हीपीएन चालू केलं म्हणजे झालं असं नाही, खरी भानगड पुढे आहे. रात्रभर डाउनलोड लावून झोपलात, मधेच व्हीपीएनचं कनेक्शन पडलं, तर कॉम्प्युटर गुपचूप नेहमीच्या इंटरनेटवर येतो आणि टोरंट तुमच्या खऱ्या आयपीवरून चालू राहतं, आणि सकाळपर्यंत तुम्हाला पत्ताही नसतो. यासाठी व्हीपीएनच्या ॲपमध्ये किल स्विच (व्हीपीएन पडलं की इंटरनेटच तोडणारी सोय) असतो, तो चालू कराच, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण काही ॲपमध्ये कनेक्शन अचानक तुटलं तरच तो काम करतो आणि ॲपच बंद पडलं किंवा कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला तर करत नाही. पक्का इलाज म्हणजे टोरंटचं सॉफ्टवेअरच व्हीपीएनला बांधून टाकणं, ज्याला बाइंडिंग म्हणतात. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

आधी व्हीपीएन जोडा. मग क्यूबिटटोरंटमध्ये टूल्स मेनूतून ऑप्शन्स उघडा, ॲडव्हान्स्डवर जा, तिथे नेटवर्क इंटरफेस (कॉम्प्युटरचा बाहेर जायचा रस्ता) अशी ओळ दिसेल. तिच्यात आपोआप कुठलाही इंटरफेस असं निवडलेलं असतं. ती यादी उघडून तुमच्या व्हीपीएनचा इंटरफेस निवडा. विंडोजवर बहुतेक वेळा कंपनीचं नाव किंवा वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रोटोकॉल) असं काहीतरी दिसतं, लिनक्सवर tun0 किंवा wg0 सारखं. वायफाय किंवा इथरनेट नाही निवडायचं. सेव्ह करून क्यूबिटटोरंट पूर्ण बंद करून परत उघडा. आता व्हीपीएन नसेल तर सॉफ्टवेअरला बाहेर जायला रस्ताच नाही. एक लक्षात ठेवा, पुढे व्हीपीएनमध्ये प्रोटोकॉल बदललात तर इंटरफेसचं नाव बदलू शकतं आणि डाउनलोड अडकून बसेल, तेव्हा घाबरू नका, इथे येऊन परत निवडा.

आणि मग टेस्ट करा, नुसतं मानून चालू नका. उबुंटूची आयएसओ लावा, स्पीड आला की व्हीपीएन मुद्दाम तोडा. काही सेकंदांत स्पीड शून्यावर आला पाहिजे. नाही आला तर बाइंडिंग झालेलंच नाही. दुसरी टेस्ट म्हणजे आयपीलीक डॉट नेटवर टोरंटचा आयपी तपासायला एक मॅग्नेट लिंक मिळते, ती क्यूबिटटोरंटमध्ये टाकली की टोरंटमधून बाहेर कुठला आयपी दिसतोय तो त्याच पेजवर येतो. ब्राउझरमध्ये आयपी बरोबर दिसतोय म्हणजे टोरंटमध्येही बरोबरच असणार असं नसतं, म्हणून ही वेगळी टेस्ट.

काही गैरसमज इथेच मिटवू. क्यूबिटटोरंटमधलं एनक्रिप्शन चालू केलं की आपण लपलो असं खूप जणांना वाटतं, पण त्याने प्रोव्हायडरला टोरंट ओळखणं थोडं अवघड जातं एवढंच, पीअर्सना आयपी दिसतोच. ॲनॉनिमस मोडचं पण तसंच, त्यात सॉफ्टवेअर स्वतःची ओळख कमी सांगतं पण आयपी लपत नाही. इन्कॉग्निटो विंडोचा तर इथे काही संबंधच नाही. आणि टॉर, म्हणजे ओळख लपवायला वापरतात त्या नेटवर्कमधून टोरंट चालवू नका. टॉर प्रोजेक्ट स्वतःच नको म्हणतं, टॉरवर यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, डीएचटी तीच वापरतं) चालत नाही त्यामुळे डीएचटीसारखा ट्रॅफिक बाहेरून निघून जाऊ शकतो, काही सॉफ्टवेअर ट्रॅकरला खरा आयपी सांगून टाकतात, आणि ज्यांना टॉरची खरंच गरज आहे त्यांचं नेटवर्क आपण उगाच जड करतो.

एवढं झालं की डाउनलोड सोपं आहे. मॅग्नेट लिंकवर क्लिक केलं की एक विंडो येते, लगेच ओके दाबू नका, आतल्या फाइल्सची यादी येईपर्यंत थांबा, नको त्या फाइल्सची खूण काढा. व्हिडिओ किंवा पुस्तक म्हणून घेताय आणि आत एखाद्या फाइलच्या नावाशेवटी डॉट ईएक्सई (.exe, म्हणजे प्रोग्रॅम) असेल तर तिथेच सोडून द्या. विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाशेवटचा हा डॉटनंतरचा भाग लपवतं, त्यामुळे आधी एक्सप्लोररमध्ये ते दिसेल असं करून घ्या. पासवर्ड लावलेली झिप आणि पासवर्डसाठी दुसऱ्या साइटवर जा असं सांगणारी टेक्स्ट फाइल दिसली तरी काढता पाय घ्या. टोरंटचा हॅश जुळला याचा अर्थ बनवणाऱ्याने जे टाकलं तेच तुमच्यापर्यंत आलं, ते चांगलं आहे असा नाही. आयएसओ असेल तर अधिकृत साइटवरचा एसएचए-२५६ हॅश जुळवून बघा.

स्पीडबद्दल एकच सांगतो, अपलोडला मर्यादा लावा. अपलोड पूर्ण भरला की घरातलं सगळं इंटरनेट रखडतं आणि डाउनलोडही मंदावतो. अपलोड २० एमबीपीएस असेल तर क्यूबिटटोरंटच्या हिशोबात ते साधारण २४०० केबी प्रति सेकंद होतं, तिथे २००० च्या आसपास ठेवा. पण शून्य टाकू नका, शून्य म्हणजे तिथे अमर्याद. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, एररचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

डाउनलोड झालं की लगेच काढून टाकू नका, रेशो निदान १ होईपर्यंत चालू राहू द्या, म्हणजे जेवढं घेतलं तेवढं दिलं. लिनक्सच्या नव्या आयएसओला सीडरची वानवा नसते, पण आर्काइव्हवरची एखादी जुनी फाइल दोन-तीन माणसांच्या जिवावर चालू असते, तिथे तुमचा कॉम्प्युटर चालू राहिला तर कोणाचं तरी ९८ टक्क्यांवर अडकलेलं डाउनलोड पूर्ण होतं. नंतर यादीतून काढताना जी विंडो येते तिच्यात फाइल्सपण डिलीट करा असा चौकोन असतो, त्यात खूण नाही ना तेवढं बघा.