मृगाआधीची तयारी : कृषी सखी आणि गटप्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी

मराठवाड्यातील सोयाबीन-तुरीच्या गावांमधील कृषी सखी (गावातल्या शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्रशिक्षित महिला) आणि शेतकरी गटांचे प्रमुख यांचे पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवावे. तोवर रब्बीची रास घरात आलेली असते, रान मोकळे असते आणि मृग निघायला तीन-चार आठवडे उरलेले असतात. तारीख पक्की करण्याआधी मात्र गावोगावच्या लग्नतिथी विचारून घ्याव्यात, नाहीतर तिसऱ्या दिवशी निम्म्या सतरंज्या रिकाम्या दिसतात.

तारीख ठरली की सभागृह, फलक आणि पाहुण्यांच्या आधी पिंपाचा विचार करावा. जे पाच दिवसांत तयार होत नाही, ते आधीच लावून ठेवावे लागते. दशपर्णी अर्काला, म्हणजे दहा प्रकारचा पाला कुजवून केलेल्या कीडनाशकाला, महिना लागतो, म्हणजे कडुनिंब, करंज, निरगुडी, एरंड, रुई यांचा पाला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच पिंपात पडला पाहिजे. सीताफळाचा पाला त्या दिवसांत उघड्या माळावर सहसा मिळत नाही, त्यासाठी विहिरीकाठचे एखादे झाड हेरून ठेवावे. पिंप रोज ढवळणारे माणूस नेमून द्यावे, कारण ‘सगळ्यांनी मिळून’ ढवळायचे पिंप कोणीच ढवळत नाही. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पडतात, तेव्हा निंबोळी अर्कासाठी गेल्या वर्षीच्या वाळवलेल्या निंबोळ्या कोणाकडे आहेत, हे आधीच विचारावे. पाच टक्के अर्काला 100 लिटर पाण्यामागे 5 किलो निंबोळ्यांचा चुरा लागतो. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण, दोन-तीन दिवसांत होते; ते पहिल्याच संध्याकाळी प्रशिक्षणार्थींच्या हातूनच कालवून घ्यावे.

बियाण्याची उगवण तपासणी हा या प्रशिक्षणाचा कणा आहे, आणि नेमकी तिथेच दिवसांची गणना चुकते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत 100 दाणे मांडून, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळी केली, तर कोंब मोजायला सहा-सात दिवस लागतात. म्हणून एक गुंडाळी प्रशिक्षण सुरू होण्याच्या तीन दिवस आधी करून ठेवावी आणि चौथ्या दिवशी सर्वांसमोर उलगडावी. शंभरात 70 किंवा अधिक दाणे उगवले, तर घरचे सोयाबीन बियाणे म्हणून चालते. बीजप्रक्रियेसाठी सोयाबीनचे आणि तुरीचे रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र पुरवणारे जिवाणू संवर्धक) वेगवेगळे घ्यावे, पाकिटावरची मुदत पाहावी आणि ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये; आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

माती परीक्षणाचा पाठ पडद्यावर उरकू नये. मी एकदा तसा उरकला होता. शेवटच्या दिवशी एका ताईंनी मोठ्या कष्टाने आणलेला नमुना गोठ्यामागच्या उकिरड्याशेजारचा निघाला, आणि चूक त्यांची नव्हती. जवळच्या एका शेतकऱ्याचे रान सकाळी सात ते नऊसाठी ठरवून ठेवावे. बांध, झाडाची सावली आणि खताची जागा सोडून, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन, वेगवेगळ्या ठिकाणची माती गोणीवर मिसळून, तिचे चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरेपर्यंत प्रत्येकाने ते स्वतः करावे. त्याच रानात तीन काठ्या, सुतळी आणि दगड यांची इंग्रजी ‘ए’ आकाराची ओळंब्याची चौकट बांधून समतल रेषा, म्हणजे उतारावर सारख्या उंचीवरून जाणारी ओळ, आखायला शिकवावे.

एका गावातून दोघे बोलवावेत. एकट्या माणसाचे नवे बोलणे गावात पटकन हसण्यावारी जाते. तान्ही मुले घेऊन येणाऱ्या सखींसाठी पाळणा, मुले सांभाळणारी बाई आणि कडी लागणारे शौचालय, हे तिन्ही स्वतः पाहून यावे. वह्या, पेन, चहा यांची यादी प्रत्येकाकडे असतेच.

खरी कसोटी पाच दिवसांनंतरची असते. इंडोनेशियात 1989 मध्ये भाताच्या किडींसाठी सुरू झालेल्या शेतीशाळेचे मर्म हेच होते की शेतकऱ्यांनी हंगामभर त्याच पिकात पुन्हा पुन्हा उतरावे, झाडाचे चित्र काढावे, एका बाजूला किडी आणि दुसऱ्या बाजूला मित्रकीटक मांडावेत आणि मगच फवारणीचे ठरवावे. मे महिन्यात पीक नसते, तेव्हा जुलै ते सप्टेंबरमधील शेतीशाळांच्या तारखा आणि शेतांची नावे प्रशिक्षणातच वहीत उतरवून घ्यावीत. पुढे शिकू पाहणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी अभ्यासक्रमांची माहिती आणि जवळच्या अभ्यासकेंद्राचा पत्ता आणून ठेवावा. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बाईला हा कागद कोणी आपणहून देत नाही.

निघताना प्रत्येकाच्या पिशवीत गोणपाटाचे दोन तुकडे आणि उभ्या भिंतीचा पर्जन्यमापक डबा घालावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे 4 हजार लिटर पाणी, हा हिशेब डब्यावरच लिहावा, आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीचा सल्ला द्यायचा नाही, हे बजावावे. पहिल्या पावसाचा आकडा आणि घरच्या शंभर दाण्यांचा निकाल गटाच्या बैठकीत कोण वाचून दाखवणार, त्याचे नाव त्याच दिवशी लिहून घ्यावे.