या चुका टाळा: हात धुतले जातात, पण वेळ चुकते

वॉर्डात संसर्ग वाढला की पहिली चौकशी होते ती 'हात कोण धूत नाही' याची. संसर्ग नियंत्रणाचं काम करताना मला मात्र दिसतं ते वेगळंच. हात जवळजवळ सगळेच धुतात, चुकते ती वेळ. रुग्णाला हात लावून झाल्यावर धुवायची आठवण बरोबर राहते, कारण तिथे स्वतःच्या जिवाची काळजी असते. हात लावण्याआधीचं धुणं मात्र राहून जातं, आणि रुग्णाला वाचवतं ते नेमकं तेच. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच वेळांपैकी दोन 'आधी'च्या आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी. उरलेल्या तीन 'नंतर'च्या: रक्त किंवा स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर.

मी पुष्कळदा बेडच्या पायथ्याशी उभी राहते आणि हात कुठून कुठे जातो एवढंच बघते. एका सिस्टरने ग्लोव्हज घालून युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी केली. तेवढ्यात मॉनिटर वाजला, तो त्याच हाताने बंद केला. पडदा बाजूला सारला. सलाईन संपत आलं होतं म्हणून नवी बाटली लावली आणि कॅन्युलाचं, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीचं, तोंड उघडलं. ग्लोव्हजची एकच जोडी, वेळ दोन मिनिटांची. युरोबॅगच्या तोटीवरचे जंतू थेट रक्ताच्या वाटेपर्यंत पोचले. ती मुलगी कामचुकार नव्हती. दोघींचं काम एकटी ओढत होती. हातात ग्लोव्हज आहेत म्हणजे हात स्वच्छ आहेत, असं तिला मनापासून वाटत होतं.

ग्लोव्हजबद्दलचा हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. काम बदललं की ग्लोव्हज बदलायचे, मग तो रुग्ण तोच का असेना. काढल्यावर हँड रब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर) घ्यायचाच, कारण रबराला बारीक छिद्रं असू शकतात आणि काढताना बाहेरची बाजू हाताला लागते. घातलेल्या ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळून पुढच्या बेडकडे जाऊ नका. अलार्म जिवावरचा असेल तर अर्थातच आधी रुग्ण बघा. नंतर हात लागलेलं बटण पुसून घ्या.

"हँड रबने हात जळजळतात," ही तक्रार खरी असते, तिला बहाणा समजू नका. बहुतेक वेळा साबणाने हात धुऊन लगेच ओल्या हातांवर रब घेतलेला असतो. दोन्ही पाठोपाठ करायची गरज नाही. हात दिसायला स्वच्छ असतील तर रब पुरेसा आहे: तळवा भरून घ्या, अंगठे आणि बोटांची टोकं विसरू नका, २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळा. रक्त, घाण लागली असेल तर साबण आणि पाणी, सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबाच्या रुग्णानंतरही साबणच हवा, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. ड्यूटी संपल्यावर हातांना क्रीम लावा; भेगाळलेल्या कातडीत जंतू ठाण मांडतात. अंगठ्या आणि कृत्रिम नखं घरीच ठेवा.

कॅन्युला टोचताना एक छोटी गोष्ट सर्रास चुकते. त्वचेवर स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडीन लावलं की लवकर वाळावं म्हणून कुणी हाताने वारा घालतं, कुणी चक्क फुंकर मारतं. मग शीर सापडते का म्हणून त्याच जागी पुन्हा बोट ठेवलं जातं. औषधाचं काम वाळता वाळताच होत असतं, त्याला तेवढा वेळ द्या. शीर आधी चाचपा, मग पुसा. औषध देण्याआधी कनेक्टरचं (नळीला औषध जोडायच्या जागेचं) तोंडही अल्कोहोल स्वॅबने नीट घासून वाळू द्या. नुसता स्वॅब टेकवणं म्हणजे पुसणं नव्हे.

हायपोक्लोराइटचं (जंतू मारणाऱ्या ब्लीचचं) द्रावण रोज नवं बनवा आणि झाकून ठेवा. ५ टक्क्यांच्या द्रावणापासून ०.५ टक्क्याचं करायचं तर १ भाग द्रावण, ९ भाग पाणी. सांडलेल्या रक्तावर ते थेट ओतलं तर रक्तच क्लोरीन खाऊन टाकतं. आधी ग्लोव्हज घालून रक्त टिपून घ्या, मग द्रावण टाकून ठरलेला वेळ राहू द्या.

आता सुईबद्दल. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा लावू नका. शार्प्सचा (वापरलेल्या सुया, ब्लेड टाकायचा) डबा तीन चतुर्थांश भरला की बदला आणि तो टोचण्याच्या जागेजवळच ठेवा. तो लांब असला की टोपण लावायचा मोह होतोच. टोचलीच तर जागा दाबून रक्त काढत बसू नका, ब्लीच लावू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास लागण होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो. हिपॅटायटिस बीचा, लस न घेतलेल्यांना, ६ ते ३० टक्के. तरी लसीचा तिसरा डोस राहिलेले कितीतरी जण मला भेटतात. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

एक मुलगी मला सुई टोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगायला आली, ओरडा बसेल म्हणून इतके दिवस गप्प होती. म्हणून वरिष्ठांना माझी कळकळीची विनंती आहे: कुणी सुई टोचल्याचं सांगितलं तर "लक्ष कुठे होतं?" हे विचारू नका. "किती वाजता टोचली, कुठल्या बेडवरच्या रुग्णाची?" हे विचारा, आणि तिचं उरलेलं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवून तिला लगेच डॉक्टरांकडे पाठवा.