टोमॅटोनंतर मिरची म्हणजे फेरपालट नव्हे

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगाव-मंचर पट्ट्यात टोमॅटोला एकदा भाव मिळाला की त्याच रानात परत टोमॅटो, फारच झालं तर मिरची. पीक बदललं असं वाटतं, पण टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा सगळी एकाच कुळातली, त्यामुळे मर रोगाचे जंतू आणि सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक, डोळ्यांना न दिसणारे किडे) यांचं जेवण काही बंद होत नाही. फेरपालट करताना पिकाचं नाव नाही, कूळ बघायचं. फ्लॉवर, कोबी, मुळा एक घर, काकडी-कारली-दोडका दुसरं, कांदा-लसूण तिसरं, वाटाणा-घेवडा-गवार चौथं. एका रानात तेच कूळ निदान दोन-तीन वर्षं परत येऊ द्यायचं नाही.

फेरपालटीच्या जोडीला हिरवळीचं खत, म्हणजे वाढवून रानातच गाडायचं पीक. त्यात आधी ताग. उन्हाळी माल निघाल्यावर जूनचा पाऊस झाला आणि वाफसा आला (जमीन ना चिखल, ना कोरडी) की एकरी २० ते २५ किलो बी फोकून पेरा, दाटच हवा, म्हणजे काडी बारीक राहते आणि तणही दबतं. रान पाणी धरणारं किंवा चोपण (क्षाराने घट्ट झालेलं) असेल तर धैंचा घ्या, तो तिथे जास्त तग धरतो. चवळीपण चालते, पण सूत्रकृमी असेल त्या रानात मी तरी चवळी घालणार नाही, तिलाच सूत्रकृमीच्या गाठी येतात, ताग तिथे बरा.

महिनाभराने तागाचं एक झाड फावड्याने अलगद उपटून बघा, ओढू नका, हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी मातीतच राहतात. मुळावरची गाठ नखाने फोडायची, आत गुलाबी दिसली की नत्राचं काम चालू आहे, हिरवट किंवा राखाडी असेल तर नाही. तसं असेल तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे याच गाठींच्या जिवाणूंचं खत, लावून पेरा. आणि या गाठी बोटाने चोळल्या की सुटून येतात. टोमॅटोच्या मुळावर सूत्रकृमीची गाठ असते ती सुटत नाही, मूळच सुजलेलं असतं. दोन्हीत लोक कायम गल्लत करतात.

फुलकळी दिसायला लागली, म्हणजे साधारण ४५ ते ५० दिवसांत, गाडायचाच. अजून थोडा वाढू दे म्हणून थांबलात तर काडी लाकडासारखी होते, कुजायला वेळ लागतो आणि कुजवणारे जिवाणू उलट जमिनीतलाच नत्र ओढून घेतात, मग वर लावलेला फ्लॉवर पिवळा पडतो आणि दोष रोपवाटिकेला. रोटाव्हेटरने बारीक करा, मातीआड करा, ओल नसेल तर पाणी द्या, दोन-तीन आठवडे थांबून मगच गादीवाफे आणि ड्रिप.

दोन महिने रान अडकतं हे खरंय, ज्याचं एकरभरच आहे त्याला ते परवडत नाही. त्याने दरवर्षी पाव रान ताग घालून फिरवत न्यावं. किंवा सूत्रकृमीच्या तुकड्यात सलग झेंडू घ्यावा, त्याच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्याला पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला फुलंही जातात, नुसती बांधावर चार रोपं लावून मात्र काही होत नाही.

आपल्याकडच्या उन्हात सेंद्रिय कर्ब लवकर जळतो, एका तागाने माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये त्याचा आकडा उडी मारणार नाही. माती मऊ लागणं, पाणी पटकन मुरणं हे आधी कळतं. परीक्षणाला नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, खत टाकायच्या आधी काढा, नाहीतर मागच्या वर्षीशी तुलनाच करता येत नाही.