जेलमधल्या माणसाची माहिती शोधताय? खानदेशातल्या लोकांनी या चुका टाळा

आपल्या चोपडा, शिरपूर, शहादा पट्ट्यात कोणाला पोलिसांनी उचललं की घरचे पहिलं काय करतात, तर मोबाईलवर गूगल उघडून त्याचं नाव टाकतात आणि पुढे 'जेल' लिहितात. काहीच सापडत नाही, मग कोणीतरी सांगतं नाशिकरोडला नेलं, कोणी सांगतं धुळ्याला आहे, आणि घरचे दोन दिवस एसटीने फिरत बसतात. मी विधी सेवेचा, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, स्वयंसेवक म्हणून अशा घरच्यांसोबत बसतो. माहिती बहुतेक वेळा उघडीच असते, फक्त लोक ती चुकीच्या दारात शोधतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नावाने सुरुवात करणं

ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडे अशी एकच यादी नाही की नाव टाकलं आणि कोणतं जेल, कोणती बराक, कधी सुटणार ते सगळं समोर आलं. काही पोरं इंटरनेटवर अमेरिकेतल्या काउंटी जेलच्या वेबसाइट बघतात, तिथे तसं दिसतं, आणि त्यांना वाटतं इथेही असणार. इथे माहिती तीन जागी विभागलेली असते, पोलिस स्टेशन, कोर्ट आणि जेल, आणि या तिघांना जोडणारा धागा म्हणजे गुन्हा नंबर. म्हणजे एफआयआरचा नंबर, वर्ष आणि पोलिस स्टेशन. हे तिन्ही हातात आलं की अर्धं काम झालं समजा.

नावाने का सापडत नाही तेही सांगतो. कोर्टाच्या साइटवर बरीचशी नावं इंग्रजी स्पेलिंगने चढवलेली असतात आणि ती चढवणारा क्लार्क ऐकेल तशी लिहितो. चौधरी चार तऱ्हांनी लिहितात, सोनवणेमध्ये कधी एक 'ए' जास्त असतो, पावरा कुठे 'व्ही'ने तर कुठे 'डब्ल्यू'ने, आणि पाटील, महाजन, भील यांच्यात तर एका तालुक्यात एकाच नावाची कितीतरी माणसं निघतात. तरीही नावानेच शोधायचं असेल तर पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि वर्ष नीट निवडा, मग आलेल्या यादीत बापाचं नाव आणि गाव जुळतं का ते बघा.

एफआयआर साइटवर नाही म्हणजे गुन्हाच नाही असं धरणं

सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिलाय की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा, जिथे नेटची अडचण आहे तिथे जास्तीत जास्त ७२ तास. आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडे रेंजची काय हालत आहे माहितीये, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाही दिसला तर घाबरू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघायची सोय आहे, अटक केलेल्या आरोपींची यादीही आहे. जिल्हा आणि पोलिस स्टेशन निवडायचं, तारखेची रेंज छोटी ठेवायची.

पण लैंगिक अत्याचार, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे साइटवर टाकतच नाहीत. तिथे शोधत बसू नका. आरोपीच्या वतीने घरचा माणूस किंवा वकील पोलिसांकडे कॉपीसाठी अर्ज करू शकतो आणि ती २४ तासांत द्यायची असते, कोर्टात अर्ज केला तर दोन कामकाजाच्या दिवसांत. संवेदनशील म्हणून कॉपी नाकारली तर एसपींकडे अर्ज जातो.

अजून एक गफलत होते ती भुसावळला. रेल्वेत किंवा स्टेशनवर पकडलं असेल तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो आणि त्यांचं युनिट जिल्हा पोलिसांपासून वेगळं असतं, त्यामुळे तुम्ही जळगाव जिल्हा निवडून भुसावळ शहर, भुसावळ बाजारपेठ सगळी पोलिस स्टेशनं पालथी घातली तरी तो तिथे दिसणार नाही.

आणि ऑनलाइन काहीच मिळालं नाही तर सरळ पोलिस स्टेशनला जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलिस स्टेशनला आणि जिल्ह्याला एक अधिकारी नेमलेला असतो ज्याच्याकडे अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचा प्रकार असतो, आणि ती माहिती तिथे ठळक लावायची असते. कलम ४८ प्रमाणे अटक केल्यावर घरच्यांना कळवणंही बंधनकारक आहे. तिथे गेल्यावर "साहेब आमचा माणूस कुठंय" एवढंच विचारू नका, "अटकेची नोंद आणि गुन्हा नंबर सांगा" असं विचारा आणि तिथेच कागदावर लिहून घ्या.

राज्यच चुकीचं निवडणं

खानदेशात हे फार होतं कारण आपल्या एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. नवापूरहून निघालं की पलीकडे गुजरात, शिरपूरच्या पुढे सेंधवा, रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, आणि आपली निम्मी पोरं कामाला सुरतला.

शिंदखेड्याकडची एक मावशी आली होती, आल्या आल्या एकच प्रश्न, "मना पोऱ्या कोठे शे भाऊ?" घरच्यांनी धुळ्याच्या जेलला चकरा मारल्या होत्या, तिथे त्या नावाचा कोणीच नव्हता. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला, कोणालाच तो वाचता आला नव्हता म्हणून तो तसाच ठेवलेला. कागद गुजरातीत होता. गुजरातीला वरची रेघ नसते म्हणून आपल्याला ते अक्षर परकं वाटतं, पण आकडे बरेचसे आपल्यासारखेच असतात, आणि त्या कागदावर शिक्क्याच्या वर गुन्हा नंबर आणि वर्ष स्पष्ट होतं, शिक्क्यात पोलिस स्टेशनचं नाव. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसची माहिती देणाऱ्या सरकारी साइटवर, राज्य गुजरात, जिल्हा सुरत निवडून एफआयआर नंबरने शोधलं तर केस लगेच आली, पुढची तारीखही आली, आणि पोरगा सुरतच्या लाजपोर जेलमध्ये आहे हे तिथल्या वकिलाकडून त्याच संध्याकाळी कळलं. म्हणून सांगतो, घरी कोणत्याही भाषेतला कागद आला असेल तर तो फेकू नका, आधी त्यातले आकडे वाचा.

ई-कोर्ट्सवर होणाऱ्या गडबडी

ई-कोर्ट्सची साइट आणि ॲप दोन्ही फुकट आहेत, कोणाला पैसे द्यायची गरज नाही. पण इथे लोक चार-पाच ठिकाणी अडकतात.

कोर्ट कॉम्प्लेक्स चुकीचं निवडतात. जळगाव जिल्हा म्हणजे जळगाव शहरातलं कोर्ट असं नसतं, तालुक्यातलं प्रकरण आधी तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर जातं, तालुक्याला सत्र न्यायालय नसलं तर मोठा खटला दुसऱ्या गावाला चालतो. म्हणून दोन्हीकडे बघा.

दुसरं, 'पेंडिंग' आणि 'डिस्पोज्ड' अशी निवड असते, तिथे लोक फक्त पेंडिंग बघतात आणि म्हणतात सापडत नाही. दोन्ही बघायचं.

आणि यातूनच सगळ्यात वाईट गैरसमज होतो. खुनासारखी केस आधी मॅजिस्ट्रेटकडे आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) म्हणून नोंदली जाते आणि मग सेशनला, म्हणजे सत्र न्यायालयाला, कमिट होते, म्हणजे तिकडे पाठवली जाते. कमिट झाली की आरसीसीपुढे डिस्पोज्ड लिहून येतं. घरच्यांना वाटतं केस संपली, पोरगा सुटणार, गावात पेढे वाटायची तयारी सुरू होते, आणि तिकडे तो अजून आतच असतो कारण खरी केस आता सेशन केस म्हणून नव्या नंबरने सुरू झालेली असते. डिस्पोज्ड दिसलं की त्या ओळीवर क्लिक करून निकालाचा प्रकार वाचा, शिक्षा, निर्दोष की कमिट, ते तिथे दिलेलं असतं.

चार्जशीट यायच्या आधी केस नंबरच नसतो, तेव्हा रिमांड किंवा जामीन अर्ज वेगळा नोंदलेला दिसतो. त्यासाठी एफआयआर नंबरने शोधायचा टॅब वापरा. एकदा केस सापडली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर लिहून ठेवा, तो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा, पुढे सगळं त्या एका नंबरवर मिळतं.

हायकोर्टात जामीन टाकला असेल तर मुंबईत शोधू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. साइटवर खंडपीठ वेगळं निवडावं लागतं. माणूस नाशिकरोडला आहे म्हणून लोक मुंबई निवडतात, पण अपील जिथे शिक्षा झाली त्या कोर्टावरून ठरतं.

पीसीआर चालू असताना जेलमध्ये शोधणं

पीसीआर म्हणजे पोलिस कस्टडी, आणि त्या कस्टडीत असलेला माणूस जेलमध्ये नसतोच, तो लॉकअपला असतो. एमसीआर झाला, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली, की मग जेल. ई-कोर्ट्सवर किंवा वकिलाकडून आधी एवढं विचारा की शेवटची कोठडी कोणती मिळाली.

जेल कोणतं, तर साधारणपणे त्या जिल्ह्याचं. कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाय ते, जळगाव, धुळे, नंदुरबारला, मोठी शिक्षा लागली की पक्के कैदी नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाला. (धुळ्याचं जेल म्हणजे तेच, जिथे विनोबांनी १९३२ मध्ये प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली.) पण जागा कमी पडली की एका जिल्ह्याचे बंदी दुसऱ्या जिल्ह्यात हलवतात, त्यामुळे मागच्या महिन्याच्या माहितीवर गाडी काढू नका. एमपीडीए या कायद्याखाली (यात खटल्याशिवायच स्थानबद्ध करता येतं) स्थानबद्ध केलेल्याला तर बऱ्याचदा जिल्ह्याबाहेर ठेवतात, स्थानबद्धतेच्या आदेशातच जेलचं नाव असतं, ती ऑर्डर मागा. आणि तडीपार म्हणजे जेल नाही, तो माणूस फक्त हद्दीबाहेर असतो.

भेटायचं असेल तर राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर ई-मुलाखतची सोय आहे, समोरासमोर किंवा व्हिडिओवर. तिथे कैद्याच्या बापाचं नाव आणि वय विचारतात, ते जेलच्या नोंदीशी जुळलं पाहिजे. घरात 'पिंट्या' म्हणतात म्हणून फॉर्मवर पिंट्या लिहून चालत नाही, आणि आधारवरचं नाव वेगळं, एफआयआरमधलं वेगळं असेल तर एफआयआरमधलं टाका, कारण जेलची नोंद कोर्टाच्या वॉरंटवरून होते.

माहिती अधिकारात सगळं मिळेल असं समजणं

दुसऱ्या कोणाची माहिती मागितली तर वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळला जातो, तपास चालू असेल तर तेही कारण देतात. स्वतःच्या माणसासाठी मागताना नातं दाखवणारा कागद आणि शक्य असेल तर बंद्याची सही असलेलं पत्र जोडा. आपल्या राज्यात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत लिहायचा असतो, फी १० रुपये. साधी मुदत ३० दिवस, पण जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तास, आणि ते कलम अर्जाच्या वरच ठळक लिहायचं, खाली कोपऱ्यात लिहिलं तर कोणी बघत नाही.

एनसीआरबीचा, म्हणजे गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, कारागृहाचा वार्षिक अहवालही लोक उघडतात. त्यात नावं नसतात, फक्त आकडे. २०२२ च्या अहवालात देशभरात ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे जेलमधल्या दर चारांतल्या तिघांवर अजून गुन्हा शाबीत झालेला नाही. म्हणून हात जोडून सांगतो, एफआयआरचा स्क्रीनशॉट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका नावसाधर्म्यामुळे भलत्याच पोरीची सोयरीक मोडलेली मी पाहिलीये, आणि नंतर कोणी माफी मागायला जात नाही. आरोपी अठराच्या आतला असेल तर त्याची ओळख छापणं, पसरवणं कायद्यानेच बंद आहे, तो जेलमध्येही नसतो, निरीक्षण गृहात असतो, त्याच्याबद्दल फक्त पालकांनी बाल न्याय मंडळात विचारायचं.

ग्रुपवर टाकल्याचा अजून एक तोटा म्हणजे फोन सुरू होतात. "मी जेलमधून बोलतोय, वीस हजार फोनपे करा, आज सोडतो." जामिनाचे पैसे कोणत्याही साहेबाच्या मोबाईल नंबरवर जात नाहीत. असा फोन आला की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

जामीन मंजूर झाला म्हणजे सुटला असं मानणं

साइटवर 'ग्रँटेड' दिसतं आणि माणूस घरी येत नाही, मग घरचे जेलवाल्यांना शिव्या देतात. बहुतेक वेळा जामीनदार मिळालेला नसतो किंवा दुसऱ्या गुन्ह्यात तो वर्ग झालेला असतो. ऑर्डरची पीडीएफ उघडून अटी वाचा, किती रकमेचा जामीनदार, रोख चालतो का ते त्यातच लिहिलेलं असतं, आणि त्याच्या नावावर दुसरा गुन्हा आहे का तेही तपासा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की जामिनाची ऑर्डर कोर्टाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी जेलला ईमेल करायची, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं.

आठवा दिवस उजाडला आणि काही हाललं नाही तर तुम्हीच सीएनआर नंबर आणि ऑर्डरची तारीख घेऊन जिल्हा कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसला जा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. जायला जमत नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.